घराण्याचा नंबर

मांजरीच्या रस्त्यावर, ऊस संशोधनाच्या आवाराची भिंत संपून नव्या सोसायट्यांचे फलक सुरू होतात, तिथे आमचं दुकान आहे. पत्र्याची शेड, पुढे लोखंडी स्टँड, त्यावर पत्रा घट्ट धरायचा वाईस, आत एक टेबल आणि दोन खुर्च्या. जुन्या गाड्यांच्या नंबरप्लेट काढायच्या आणि सरकारनं ठरवलेल्या नव्या बसवायच्या, एवढंच आमचं काम. सरकारनं मुदत दिली, वाढवली, पुन्हा वाढवली. पुणेकरांनी रिवाजाप्रमाणे शेवटच्या आठवड्यात येऊन 'एवढी गर्दी का?' असं मलाच विचारलं.

जुन्या प्लेटांवर नंबर कमी आणि माणूस जास्त असे. कुणाचे आकडे तलवारीसारखे, कुणाच्या नंबराशेजारी गरुड, कुणाची 'आईची पुण्याई' आकड्यांपेक्षा मोठ्या अक्षरात. आता सगळ्यांना एकाच वळणाचे उठावदार आकडे, डावीकडे निळ्यात देशाचं नाव, कोपऱ्यात चकाकणारं चक्र, आणि एकदा बसलं की तोडल्याशिवाय न निघणारं लॉक. मला हे मनापासून आवडलं. लग्नाआधी मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात होते. सरळ रेषेचं मला वेड आहे.

साईनाथला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते अजिबात आवडलं नव्हतं. तो पेंटर. हडपसरपासून खराडीपर्यंतच्या कितीतरी गाड्यांवर त्याच्या ब्रशचे आकडे होते. निम्मा धंदा रेडियमनं खाल्ला, उरलेला या नव्या प्लेटांनी. ज्या हातानं रंगवल्या त्याच हातानं आता तो त्या उपटत होता, आणि आपल्या हातची प्लेट आली की तिच्यावरची धूळ पुसून मगच ड्रिल लावायचा. त्याचा आकडा लांबून ओळखू यायचा, कारण त्याच्या तीनला खाली गोल पोट असायचं. "अहो, तुमच्या तीनचं पोट सुटलंय, मालकासारखं," असं मी म्हणायचे. तो हसून शर्ट खाली ओढायचा. मला तो फार आवडायचा, हे इथेच सांगून टाकते.

रंगराव आले ते भर दुपारी. मांजरीचे जुने बागायतदार. उसाच्या रानात आता चौदा मजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या घरातल्या यच्चयावत वाहनांचा नंबर एकच असतो, २७५३. स्कॉर्पिओ, बुलेट, टँकर, सगळ्यांची आधीची अक्षरं वेगळी, आकडे तेच. तसं आमच्या भागात नवल नाही. लोक चारी नऊसाठी आरटीओच्या साहेबांच्या दारात बसतात. पण २७५३ हा काय मागून घेण्यासारखा नंबर आहे?

"आज्याच्या टांग्याचा हाय, ताई," रंगराव म्हणाले. मऊ आवाजाचा, भारदस्त माणूस. "घराण्याचा नंबर. सोडता येत न्हाय."

गाडीत मागे त्यांची बायको शालन बसली होती. तिनं काच खाली केली नाही. शेजारच्या टपरीवर चहा विकणारी सरुबाई, जिला गिऱ्हाईक सोडून पाणी प्यायचंही जिवावर येतं, ती स्टोव्ह तसाच ठेवून टपरीमागे जाऊन उभी राहिली. उन्हानं गेली असेल, असं मला वाटलं.

साईनाथनं पुढच्या प्लेटवरची धूळ पुसली. "ही माझ्याच हातची. आठवतंय का, रंगराव? रेडियम नको, ब्रशनंच काढ, म्हणून दिवसभर उभे होता." मग मला म्हणाला, "फक्त शेवटचा तीन माझा नाही. यांच्या घरचा तीन सपाट डोक्याचा असतो. तसाच हवा म्हणून हट्ट. एवढ्या एका आकड्यात माझा हात नाही."

मागची प्लेट निमूट निघाली. पुढची निघाली आणि तिच्यामागे दुसरी दिसली.

दुसरी काळी होती, पांढऱ्या आकड्यांची. तशा प्लेटा बंद होऊनही वीसेक वर्षं झाली, आणि गाडी तेवढी जुनी नव्हती. तिच्यामागे तिसरी, एमएच सुरू होण्याआधीची, नुसत्या 'एम'पासून चालू होणाऱ्या तीन अक्षरांची. तिच्यामागे मुंबई राज्याच्या काळातली, 'बीएम'वाली. आणि सर्वांत मागे पितळेचा एक पातळ बिल्ला, टांग्याचा. भाकऱ्यांची चळत असावी तशी ती सगळी एकावर एक, आणि सगळ्यांवर २७५३.

"नव्या पाटीच्या मागं जुनी ठिवायची. आमच्यात रीत हाय," रंगराव म्हणाले.

रीत म्हटल्यावर विषय संपला. लोक घोड्याची नाल ठेवतात, यांनी पाट्या ठेवल्या. मी त्या स्टँडवर मांडल्या, आणि माझं लक्ष उजव्या कोपऱ्याकडे गेलं. मागच्या चारही पाट्यांना एकाच जागी पोचा होता. शेवटच्या तीनवर, कणकेत अंगठा दाबावा तसा खोल. एकावर एक असताना बसला असेल म्हणावं, तर सर्वांत पुढची पांढरी प्लेट अगदी सरळ होती. तिच्यावर ओरखडाही नव्हता.

साईनाथनं काळी प्लेट उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. "तनू, पोचा आधीचा आहे आणि रंग नंतरचा. तीन गेला होता. कुणीतरी पोच्याच्या आत उतरून परत काढलाय." त्यानं बाकीच्या पाहिल्या. "चारही. आणि चारही वेगवेगळ्या हातांचे."

खरंच होतं. काळ्या प्लेटवरचा तीन ऐटबाज, शेपटीला झोकदार वळण असलेला. टांग्याच्या बिल्ल्यावरचा खिळ्यानं कोरल्यासारखा. तिसऱ्या प्लेटवरचा तर आडवा पडलेला होता, अक्षरशत्रू माणसानं काढावा तसा.

"कुणाकडून रंगवून घेता?" साईनाथनं विचारलं.

"आमी न्हाय रंगवत." रंगरावांनी काळ्या प्लेटवरच्या तीनवर तळहात ठेवला आणि तिकडे न बघता ती लाल फडक्यात गुंडाळली. जुन्या चारही त्यांनी बांधून घेतल्या. त्या या गाडीच्या नव्हत्या, त्यांना आमचा नियम लागू नव्हता. पांढरीला होता. काढलेली प्लेट दोन तुकडे करून तिचा फोटो कंपनीला पाठवायचा, नाहीतर काम पुरं होत नाही.

"ही कोरी हाय," रंगराव म्हणाले. "कोरी पाटी आमी कधी उतरिवली न्हाय. म्हणून तर यवढे दिस टाळलं. पोलीस दर नाक्यावर अडवाया लागले म्हणून आलो."

"कोरी म्हणजे?"

ते साईनाथकडे वळले. "पेंटर, कापायची तर आत्ता कापा, माझ्या डोळ्यांदेखत. न्हायतर मला द्या. मधी ठिवू नका."

"कापतो हो. तुम्ही निश्चिंत जा," साईनाथ म्हणाला.

नवी प्लेट बसली. रंगरावांनी नारळ फोडला, कुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी पुढे घेतली. चाक लिंबावरून गेलेलं मी पाहिलं. लिंबू जसंच्या तसं होतं. जमिनीत खळगा असेल म्हणून मी पायानं चाचपून पाहिलं, तर तिथे सिमेंट होतं.

साईनाथनं मागची प्लेट कापली, तिचेच तुकडे आलटून पालटून मांडून दोन्हींचा फोटो काढला, आणि पुढची न कापता टेबलाच्या वरच्या खिळ्याला टांगली. "स्वतःच्या हातचं शेवटचं काम आहे गं. एक तरी राहू दे," तो म्हणाला. पेंटर माणसाला स्वतःचं अक्षर कापवत नाही. मीही पुढच्या गाडीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी एका मुलाची सायकल साईनाथच्या पायावर आली. उजव्या पायावर, कमरेच्या जरा खाली. मुलगा रडकुंडीला आला. "काका, तुम्ही दिसलाच नाही." साईनाथनं त्याला चहा पाजला.

मग एका कॉलेजच्या मुलीची स्कूटी, तीही त्याच जागी. "सॉरी काका, आय स्वेअर, रोड एम्प्टी होता!" ती म्हणाली. साईनाथ साडेपाच फूट उंच, पोट सुटलेला, केशरी टी-शर्टमध्ये. असा माणूस रस्त्यात दिसला नाही, हे मला पटेना.

मग मगरपट्ट्याजवळ वळणारी रिक्षा. तिच्या मडगार्डनं त्याची पँट फाडली आणि आतलं मांसही. डॉक्टरांनी टाके घातले. मी ड्रेसिंग बदलताना पाहिलं, तर जखमेभोवती काळं-निळं पडलं होतं, आणि ते अंगठ्यानं दाबल्यासारखं खोलगट होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरले. सायकल, स्कूटी, रिक्षा. प्रत्येक वेळी मोठं होत चाललं होतं. मी हा योगायोग आहे असं स्वतःला बजावलं आणि त्याला गाडी चालवायला बंदी केली. प्रश्न त्यानं गाडी चालवण्याचा नव्हताच, हे मला नंतर लक्षात आलं.

सरुबाईनं मला टपरीमागे बोलावलं.

"पोरी, ती कोरी पाटी हाय व्हय तुमच्याकडं? टेबलावर दिसती मला हितनं."

"आहे. तुम्हाला काय माहीत कोरी म्हणजे काय?"

"अजून माणूस न घेतलेली. टांगा व्हता तवा पाणी घेऊन येणारी बाई गेली. मालट्रक आला तवा एक मोळीवाला गेला. काळी पाटी व्हती तवा रंगरावाचा सख्खा भाऊ, म्हिपती, घरच्याच जीपखाली. गुडघ्यापाशी चेचलेला पाय वेगळा उचलावा लागला." ती कपबशी विसळत बोलत होती. "नंबर आपलं-परकं बघत न्हाय."

"आणि तिसरी?"

"ट्रॅक्टर व्हता. रानातून येत व्हते आमचे. ट्रॅक्टर हुभा व्हता, वर कुणी न्हाय." तिनं बशी पुसून पालथी घातली. "दत्तोबा नाव. त्या दिवशी तुमच्या स्टँडवर पाट्या मांडल्या तवा मी हितनं बघितलं. त्यो आडवा तीन. लगीन झाल्यावर मी त्यांना आकडे शिकवायची कंदिलापाशी. सगळे आले. तीन तेवढा आडवाच यायचा."

मला तिची दया आली. नवरा गेलेल्या बाईला नवऱ्याच्या खुणा कुठेही दिसतात, असा मी विचार केला. आणि रंगरावांच्या घराण्यावर चिडलेही. माणसं चिरडायची, प्रकरणं मिटवायची, आणि वर सगळं नंबरावर ढकलायचं. पण घरी येऊन मी साईनाथपुढे हात जोडले.

"अहो, ती प्लेट कापा. माझं ऐका. मला काही सिद्ध करायचं नाही, मला तुम्ही हवे आहात."

"ड्रॉइंग विभाग असं बोलायला लागला?" तो हसला. पण माझा चेहरा बघून म्हणाला, "उद्या उघडलं की पहिलं काम तेच."

सकाळ स्वच्छ होती. शाळेच्या बसेस नुकत्याच गेल्या होत्या. साईनाथनं प्लेट खिळ्यावरून काढली, शेडबाहेरच्या स्टँडवर वाईसमध्ये उभी पकडली आणि पत्रा कापायची कात्री घेतली. तो स्टँडमागे होता, पाठीशी दुकानाचा सिमेंटचा खांब. मी दाराशी होते.

तेवढ्यात समोर, रस्त्यापलीकडे, तोंड आमच्याकडे करून स्कॉर्पिओ थांबली. रंगराव उतरले, दार लावलं, किल्ली खिशात टाकली आणि रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आले. दाढी वाढलेली होती.

"ताई, ती पाटी कापली का?"

"आत्ता कापतायत."

"कापू नका. द्या मला. घरचं कुत्रं गेलं अंगणात, हुभ्या गाडीखाली. रोज सकाळी गाडीचं तोंड हिकडं वळलेलं असतंय. आमच्यातला कुणी हात लावत न्हाय, तरी." त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "आमची हाय ती. आमच्याच घरातलं कुणी जाऊ दे. मी तयार हाय."

"अहो, थांबा," मी साईनाथला हाक मारली. "कापू नका, देऊन टाका."

त्यानं मान वर केली. कात्री प्लेटच्या कडेला लागली होती.

रस्ता सपाट आहे. मी तो मोजलेला आहे, स्टँड बसवताना, पाणसळ लावून.

स्कॉर्पिओ हलली.

आवाज नव्हता. इंजिन बंद होतं. काचेतून स्टिअरिंग दिसत होतं, आणि त्यामागे सीट.

एक बस ब्रेक दाबून तिरकी झाली. गाडी तिच्यापुढून आली. वेग वाढत गेला.

मी ओरडले. साईनाथ माझ्याकडेच बघत राहिला. गाडी त्याला दिसतच नव्हती.

स्टँड मागे सरकला. लोखंड सिमेंटवर घासलं. मग तो कशावर तरी अडला, आणि ते होतं साईनाथचं शरीर.

हाडांचा आवाज मला ऐकू आला. ओला ऊस चरकात जातो, तसा.

त्यानं दोन्ही हातांनी बॉनेट ढकललं, जसं अंगावर आलेल्या गाईला ढकलावं. नाकातोंडातून रक्त आलं ते बॉनेटवर पसरलं. गाडी मागे गेली नाही. ती हळूहळू, अजून थोडी, अजून थोडी पुढे दाबत राहिली.

रंगराव दार उघडायला धावले. किल्ली त्यांच्या हातात होती. दार उघडलं, त्यांनी हँडब्रेककडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. हँडब्रेक ओढलेलाच होता.

लोकांनी गाडी मागे ओढली तेव्हा साईनाथ खांबाला टेकून उभाच राहिला, मग खाली सरकला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उजवी बाजू कमरेपासून खाली राहिलीच नव्हती. "तनू," तो म्हणाला, "झाली का कापून?" मी हो म्हणाले. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो गेला होता.

पोलिसांनी पंचनाम्यात यांत्रिक बिघाड लिहिला. गाडी तपासणाऱ्यानं बिघाड सापडला नाही असं मला खासगीत सांगितलं. प्लेट वाईसमधून काढून कुणीतरी माझ्या हातात दिली, ती कुणाला पुरावा वाटली नव्हती. उजव्या कोपऱ्यात खोल पोचा होता. सपाट डोक्याचा तीन पूर्ण खरवडून गेला होता, खाली नुसता पत्रा चमकत होता. तेवढ्या भागाला लागलेलं रक्त मी नळाखाली धुतलं. मग ती घरच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. कपाटाची किल्ली माझ्या मंगळसूत्रात होती. ते मी काढलेलं नव्हतं, काढणारही नव्हते.

तेराव्याला शालन आली. प्रथमच तिचा आवाज ऐकला. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"आता ती पाटी द्या, ताई," ती म्हणाली. "आता ती मागं लावाया पायजे. माझ्या म्हिपती भावजींची जशी लावली तशी. न्हायतर तुमच्या मालकांना जागा न्हाय."

मी तिला चालतं व्हायला सांगितलं. माझ्या नवऱ्याला चिरडणाऱ्या गाडीवर त्याचीच प्लेट लावायला मागत होती. माझ्या अंगाची आग झाली. मी ठरवलं की आता, याक्षणी, ती कापायची. कात्री घरातच होती. त्यानं सांगितलेलं शेवटचं काम तेवढंच राहिलं होतं.

मी कपाट उघडलं. आतून टर्पेंटाईनचा वास आला. साईनाथच्या शर्टाला यायचा तो. त्याचे सगळे डबे आणि ब्रश मी आठवड्यापूर्वीच सरुबाईकरवी दुकानात पाठवून दिले होते.

प्लेट मी ठेवली होती तशीच होती, उताणी. मी ती खिडकीशी नेली.

पोच्याच्या आत, काळ्या रंगात, तीन काढलेला होता. सपाट डोक्याचा नव्हता. खाली गोल पोट होतं, किंचित सुटलेलं.

मी पोटावर बोट ठेवलं. कात्री दुसऱ्या हातात होती, ती मी खाली ठेवली.

रंग अजून ओला होता.